अमेरिकी तिकिटं, 1940 ते 1965 : सूचीकामाच्या नोंदी

2 जून

गठ्ठा उघडला. 412 नग. सूची मराठीत करायची असल्यामुळे पहिला प्रश्न शब्दाचाच आला. मराठीत 'तिकीट' म्हटलं की गाडीचं, नाटकाचं, पोस्टाचं आणि निवडणुकीचं. त्या काळच्या अमेरिकेत पोस्टाचं तिकीट या शब्दात येत नाही. पण दंडाची पोलिसी पावती, कपड्यावरची किमतीची चिठ्ठी, वेटरनं स्वयंपाकघरात दिलेली ऑर्डर, धोब्याची पावती, गहाणाची पावती, ट्रंक कॉलची नोंद आणि टोलरस्त्यावर शिरताना मिळणारा कागद, या सगळ्यांना 'तिकीट' हाच शब्द आहे.

आकार, रंग किंवा 'प्रवास, करमणूक, इतर' अशी वर्गवारी करून पाहिली. 'इतर'मध्येच निम्मा गठ्ठा जाऊन बसला. म्हणून वर्गवारी सोडली आणि प्रत्येक नगासाठी तीन रकाने ठरवले: फाडतो कोण, कोणता तुकडा कोणाकडे राहतो, आणि काम संपल्यावर तिकीट परत द्यावं लागतं का. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरेल असं दिसतं, कारण जे तिकीट परत द्यावं लागे ते लोकांच्या खिशात उरलंच नाही. गठ्ठ्यात जे आहे ते फाडून झाल्यावर राहिलेलं किंवा कधी वापरलंच न गेलेलं.

शब्द नक्की केले. ग्राहकाकडे राहतो तो तुकडा 'अर्धुक', देणाऱ्याच्या वहीत राहते ती 'स्थळप्रत', फाडण्यासाठी मारलेली भोकांची रेघ ती 'छिद्ररेघ'.

4 जून

साफसफाई. मऊ ब्रशनं धूळ काढली, रबराचा चुरा फक्त जाड पुठ्ठ्याच्या तिकिटांवर वापरला. पाणी कुठेच नाही: रबरी शिक्क्याची जांभळी शाई दमट टीपकागदानंसुद्धा पसरते.

तीन गोष्टींनी नुकसान केलेलं आढळलं. एक, रबरबँड. जुनं रबर वितळून कागदात मुरतं, त्यातल्या गंधकानं कागद तपकिरी होतो. दोन, पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतं आणि छपाई पाकिटाला चिकटते. अशी पाकिटं ओढून न उघडता कडेनं कापून उघडली. तीन, टाचण्या. डिपार्टमेंट स्टोअरची किमतीची तिकिटं कपड्याला टाचणीनं लावलेली असत आणि गंज कागदात उतरलेला आहे. टाचणी सरळ ओढली की गंजलेला भाग फाटतो. तिच्या वर आणि खाली पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून, गंजाचा थर नखानं हलका मोडून मगच ती काढावी.

साठवण: दोन बाजूंनी उघडी पॉलिएस्टर पाकिटं, आम्लमुक्त पुठ्ठ्याचे डबे. आता पाऊस सुरू होईल. कपाटात सिलिका जेल ठेवलं, आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहावी. लॅमिनेशन आणि सेलोटेप कोणीही, कोणत्याही कारणासाठी वापरायची नाही.

7 जून

स्कॅनिंग. 600 डीपीआय, दोन्ही बाजू, शेजारी मिलिमीटरची पट्टी. पहिले 30 नग पांढऱ्या झाकणाखाली स्कॅन केले ते वाया गेले: पंचची भोकं आणि फाटलेली कड पांढऱ्यात मिसळून दिसेनाशी होतात. मागे काळा कागद ठेवून पुन्हा केले. पातळ न्यूजप्रिंटच्या ट्रान्सफरवर (ट्राम-बस बदलण्याच्या कागदावर) काळ्या कागदामुळे मागची छपाई पुढे डोकावत नाही, हा जास्तीचा फायदा.

फाटलेली कड संगणकावर कापून सरळ करायची नाही. कड हाच पुरावा आहे.

11 जून

सिनेमाची तिकिटं. साधं तिकीट 1 × 2 इंच, एका रिळात 2000, एकामागे एक छिद्ररेघेनं जोडलेली. खिडकीत पितळी पट्टीला फटी, खाली रिळं आणि यंत्र. बटण दाबलं की हवी तेवढी तिकिटं वर येतात. मोठ्यांचं एका रंगाचं, मुलांचं दुसऱ्या. आत जाताना दारावरचा माणूस फाडतो, अर्धं प्रेक्षकाला देतो, अर्धं उभ्या पेटीत टाकतो.

हिशोब क्रमांकांवर चालतो. सुरुवातीचा क्रमांक 214306, शेवटचा 214871, म्हणजे 565 तिकिटं गेली. इथे नेहमी एक चूक होते: शेवटचा क्रमांक म्हणून विकलेल्या शेवटच्या तिकिटाचा आकडा लिहिला तर हिशोब एकानं कमी येतो. लिहायचा तो रिळावर उरलेल्या पहिल्या तिकिटाचा.

चोरीची जुनी पद्धतही फाडण्याभोवतीच फिरते. दारावरचा माणूस तिकीट न फाडता तळहातात दाबून ठेवतो, प्रेक्षकाला दुसरं कुठलं तरी जुनं अर्धुक देतो, आणि न फाडलेलं तिकीट खिडकीत परत विकायला जातं. रिळाचा आकडा पुढे सरकत नाही, त्यामुळे कागदावर सगळं बरोबर दिसतं. चित्रपट टक्केवारीवर दिलेला असला की वितरक स्वतःचा माणूस पाठवून डोकी मोजून घेत, ते याचसाठी. काही तिकिटांवर दोन्ही टोकांना क्रमांक छापलेला सापडतो. तसं असेल तर पेटीतले तुकडे आणि प्रेक्षकांकडचे तुकडे ताडून पाहता येतात.

12 जून

कालचंच पुढे. सिनेमाच्या तिकिटावर क्वचितच तारीख असते, पण कराचे आकडे असतात. केंद्र सरकारचा करमणूक कर तिकिटावर वेगळा दाखवावा लागे: मूळ दर, कर, एकूण. दर बदलत गेले, म्हणून त्यावरून काळ काढता येतो.

ऑक्टोबर 1941 पासून दर 10 सेंटला किंवा त्याच्या भागाला 1 सेंट. उदाहरणार्थ 36 + 4 = 40, किंवा 45 + 5 = 50.
एप्रिल 1944 पासून दर 5 सेंटला 1 सेंट, म्हणजे साधारण 20 टक्के. 42 + 8 = 50, 21 + 4 = 25, 54 + 11 = 65.
एप्रिल 1954 पासून पुन्हा 10 टक्के, आणि 50 सेंटपर्यंतच्या तिकिटाला करमाफी. 68 + 7 = 75.

त्यामुळे एकूण 50 सेंटच्या तिकिटावर कर 8 असेल तर ते 1944 ते 1954 मधलं, 5 असेल तर एप्रिल 1944 च्या आधीचं. स्वस्त तिकिटावर करच नसेल तर बहुधा 1954 नंतरचं. बहुधा एवढ्यासाठी, की राज्याचा किंवा गावाचा वेगळा कर असू शकतो. 'फेड.' म्हणजे फेडरल, केंद्राचा; हे अक्षर नीट पाहावं. 1965 च्या कायद्यानं केंद्राचा कर गेला.

फसगत होते ती जुन्या रिळांवर. दर बदलला तरी उरलेलं रीळ टाकून देत नसत, वर नवा आकडा ठोकत. छापील आकडा आणि शिक्क्याचा आकडा वेगळा दिसला तर दोन्ही नोंदवावेत आणि काळ शिक्क्यावरून धरावा.

छापखान्याचं नाव कडेला अगदी बारीक असतं, दहापट भिंगाखाली वाचता येतं: फिलाडेल्फियाची ग्लोब तिकीट कंपनी, शिकागोची आर्कस, पेनसिल्व्हेनियातल्या शॅमोकिनची नॅशनल, आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथची वेल्डन, विल्यम्स अँड लिक. नाव नसेल तर मुद्रक कामगार संघटनेचा लहानसा लंबगोल शिक्का शोधावा. त्यातला क्रमांक त्या गावातल्या एका विशिष्ट छापखान्याचा असतो.

16 जून

नाटकाची जाड तिकिटं. यांवर आसन आणि तारीख असते, त्यामुळे ती रिळाची नव्हेत. प्रत्येक प्रयोगाचा पूर्ण संच छापून लाकडी घरांत लावलेला असतो. प्रयोगानंतर न विकलेली तिकिटं मोजतात. न्यूयॉर्कच्या तिकीटखिडकीवर त्यांना 'डेडवुड' म्हणत. संचातून डेडवुड वजा केलं की विक्री निघते. फुकट पासावर भोकं पाडलेली असतात, म्हणजे अर्धुकं मोजताना ती पैशाच्या तिकिटांत मिसळत नाहीत. त्या भोकांमुळे फुकट पासाला, खेळायच्या पत्त्यांना गोळीनं भोकं पाडणाऱ्या नेमबाज ॲनी ओकलीचं नाव पडलं. गठ्ठ्यातल्या अशा तीन पासांवर भोकं आहेत; आधीच्या याद्यांत ती 'खराब' म्हणून नोंदलेली होती. दुरुस्त केलं.

20 जून

रेल्वे. सर्वांत गुंतागुंतीचं आणि सर्वांत सुंदर काम इथे आहे.

अमेरिकेत रेल्वे एक नव्हती, अनेक खासगी कंपन्या होत्या. लांबच्या प्रवासात तीन-चार कंपन्यांच्या रुळांवरून जावं लागे, आणि एकाच खिडकीवर काढलेल्या तिकिटात प्रत्येक कंपनीसाठी एकेक कुपन असे. म्हणून ते तिकीट घडी घातलेल्या लांब पट्टीसारखं दिसतं. प्रत्येक कंपनीचा कंडक्टर आपलं कुपन तेवढं काढून घेई, ते हिशोबखात्याकडे जाई, आणि त्यावरून कंपन्या भाड्याचे पैसे आपसांत वाटून घेत. कुपनावर छापलेलं असतं 'व्हॉइड इफ डिटॅच्ड', सुटं केलेलं चालणार नाही. फाडण्याचा हक्क फक्त कंडक्टरचा. प्रवाशानं घरी सोय म्हणून कुपनं वेगळी केली तर पैसे भरलेलं तिकीटही बाद ठरू शके.

तारखेसाठी पाठीमागचा गोल शिक्का पाहावा. खिडकीवर हातानं दाबायचं लोखंडी यंत्र असे. कडेनं कंपनी आणि स्टेशन, मध्ये तारीख. यंत्रातली शाईची फीत वाळलेली असेल तर शिक्का दिसत नाही, पण दाब उमटलेला असतो. दिवा एका बाजूनं, अगदी खाली धरावा, तारीख वाचता येते. नऊ नगांवर अशी तारीख मिळाली.

करानं इथेही मदत होते. प्रवासकर 1942 च्या अखेरीस 10 टक्के, 1944 पासून 15, 1954 पासून पुन्हा 10, आणि नोव्हेंबर 1962 मध्ये रेल्वे व बससाठी बंद. सुट्टीवर जाणाऱ्या सैनिकांच्या सवलतीच्या तिकिटावर कर नसे. ते पाहून 1962 नंतरचं समजू नये.

पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल. पुलमनचं तिकीट मात्र समजावून लिहावं लागेल: झोपायच्या डब्यात जाण्यासाठी रेल्वेचं तिकीट वेगळं आणि बर्थचं वेगळं. एकानं गाडीत चढता येतं, दुसऱ्यानं खालचा किंवा वरचा बर्थ मिळतो. दोन्ही कागद एकाच प्रवासाचे असल्यास सूचीत एकमेकांना जोडावेत.

22 जून

रेल्वेचं पुढे: पंच आणि सीट चेक.

कंडक्टरच्या पंचचं भोक साधं गोल नसतं. चांदणी, बदाम, किल्ली, अक्षर, विळा. एका कंपनीत प्रत्येक कंडक्टरला वेगळा आकार आणि त्याची नोंद कार्यालयात. म्हणून कुपनावरचं भोक ही त्या माणसाची सही आहे. आपल्याकडच्या एसटी कंडक्टरचा पंच आकड्यावर भोक पाडून टप्पा दाखवी. इथे भोक कुठे आहे हे तर सांगतंच, शिवाय ते कोणी पाडलं हेही सांगतं. भोकांचे आकार 1:1 काढून वेगळी यादी सुरू केली. मापताना काळजी: पंच बोथट झाला की कड तुटक येते आणि चांदणीची फुली वाटते. कागदाच्या मागे वळलेली कड पाहून मूळ आकार ठरवावा.

सीट चेक म्हणजे तिकीट घेतल्यावर कंडक्टर प्रवाशाच्या आसनावर किंवा टोपीच्या पट्टीत खोचून ठेवी ती अरुंद पुठ्ठ्याची पट्टी. कुठं उतरायचं ते रंगावरून किंवा भोकावरून कळे, झोपलेल्याला उठवावं लागत नसे. हिची किंमत शून्य, म्हणून कोणी परत मागितली नाही, म्हणून गठ्ठ्यात 61 आहेत. खरी कुपनं फक्त चार, आणि चारही न वापरलेली.

25 जून

या नोंदीचा मजकूर तिकिटांवर छापलेला नाही, आणि म्हणूनच तो सूचीत असायला हवा.

दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या प्रवाशाच्या हातातलं तिकीट आणि गोऱ्याच्या हातातलं तिकीट एकाच दराचं. पण खिडकी वेगळी, बसण्याची खोली वेगळी, डबा वेगळा. कागदावर फरक दिसत नाही. 7 नोव्हेंबर 1955 ला आंतरराज्य वाणिज्य आयोगानं आंतरराज्य बस आणि रेल्वेतला असा भेद बेकायदा ठरवला. रेल्वेच्या प्रतीक्षागृहांसाठीही, 10 जानेवारी 1956 पासून. अंमल झाला नाही. 1960 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बसस्थानकातल्या उपाहारगृहांबाबतही तोच निकाल दिला. मे 1961 मध्ये फ्रीडम रायडर, म्हणजे या भेदाविरुद्ध एकत्र प्रवास करणारे काळे-गोरे कार्यकर्ते, वॉशिंग्टनहून साधी बसची तिकिटं काढून निघाले आणि त्यांना मार खावा लागला, तुरुंगात जावं लागलं. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1961 पासून आंतरराज्य बसमध्ये 'आसनव्यवस्था वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश न पाहता' अशी पाटी लावणं आयोगानं सक्तीचं केलं.

निर्णय: दक्षिणेतल्या स्थानकावरून निघालेल्या, 1 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या प्रत्येक बस व रेल्वे तिकिटाला ही टीप जोडायची. तिकीट सर्वांसाठी सारखं होतं असा समज नुसत्या चित्रावरून होऊ देणं चुकीचं आहे.

28 जून

शहरातल्या ट्राम-बसच्या ट्रान्सफर. भाडं एकदा भरायचं, वाटेत दुसरी गाडी पकडायची असेल तर हा कागद मागून घ्यायचा. पुन्हा विकता येऊ नये म्हणून यावर दिवस, दिशा, मार्ग, बदलण्याचं ठिकाण आणि वेळ एवढं सगळं बसवलेलं असतं. काहींवर दुपारनंतरसाठी वेगळा तुकडा जोडलेला: तो लागलेला असेल तर संध्याकाळचं, फाडलेला असेल तर सकाळचं. काही ठिकाणी वेळ पंचनं नाही, तर पुस्तिका धातूच्या कडेवर दाबून हव्या त्या तासाच्या ओळीवर फाडून दाखवत. म्हणजे कागदाची लांबी हीच वेळ. ही ट्रान्सफर अर्धवट फाटलेली आहे असं लिहू नये.

न्यूजप्रिंट असल्यानं पिवळी पडून तडकत आहेत. प्रत्येकीमागे आम्ल मारणारा अल्कधर्मी कागद, आणि उजेड शून्य, कारण गुलाबी व हिरवे रंग लवकर उडतात.

न्यूयॉर्क सबवेचा एकही नग नाही आणि मिळण्याची अपेक्षाही करू नये. तिथं या काळात फिरतं दार होतं. 1948 पर्यंत पाच सेंटचं नाणं, मग दहा सेंटचं, आणि जुलै 1953 पासून पंधरा सेंटचा पितळी टोकन.

3 जुलै

परत द्यावी लागणारी तिकिटं. आधीच्या अंदाजाची खरी परीक्षा.

टोलरस्ता: पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक 1 ऑक्टोबर 1940 ला सुरू झाला, अर्विन ते कार्लाइल, 160 मैल. आत शिरताना तिकीट, त्यावर प्रवेशाचं ठिकाण आणि वाहनाचा वर्ग. बाहेर पडताना ते देऊन अंतराप्रमाणे पैसे. हरवलं तर सर्वांत दूरच्या नाक्यापासूनचा टोल. म्हणजे ठेवून घेण्यात तोटाच. गठ्ठ्यात एकही नाही.

ट्रंक कॉल: लांबचा फोन जोडणारी ऑपरेटर प्रत्येक कॉलसाठी एक चिठ्ठी भरे, तिलाही तिकीटच म्हणत. कुठून, कुठं, कोणाशी, पैसे कोणी द्यायचे. ही चिठ्ठी कॅल्क्युलाग्राफ नावाच्या घड्याळी यंत्रात घालून कॉल सुरू होताना एक ठसा, संपताना दुसरा. बोलणं किती मिनिटं चाललं ते सरळ वाचता येतं, वजाबाकी करावी लागत नाही. पहिल्या तीन मिनिटांचा दर ठरलेला, पुढे मिनिटामागे. ग्राहकाला हे तिकीट कधी दिसतच नसे. 1951 च्या नोव्हेंबरात न्यू जर्सीतल्या एंगलवुडहून ऑपरेटरशिवाय लांबचा फोन लावता येऊ लागला आणि मोजणी यंत्राकडे गेली. तीन कोऱ्या चिठ्ठ्या सापडल्या. भरलेली एकही नाही.

रकाना तयार ठेवला, नग नसले तरी. सूची फक्त उरलेल्याची झाली तर त्या काळी रोज हातातून जाणारी तिकिटंच त्यात नसतील.

8 जुलै

मालाच्या बदल्यात मिळणारी तिकिटं: धोबी, गहाण, टोपीघर (टोप्या-कोट ठेवायची जागा). तिन्हींची रचना एकच: क्रमांक दोनदा, मधून फाडलेलं, अर्धं वस्तूला बांधलेलं, अर्धं मालकाकडे.

चिनी धोब्यांच्या पावत्यांवर ब्रशनं लिहिलेली चिनी अक्षरं असतात. कागद एकाच लिखाणावरून आडवा फाडलेला, म्हणजे दोन अर्धी जुळवली की अक्षर पूर्ण होतं. मोडतोड इंग्रजीत 'तिकीट नाही तर कपडे नाहीत' अशी एक कुचेष्टा या लोकांच्या तोंडी घालून अमेरिकेत सर्रास म्हटली जाई. ती म्हण सूचीत देऊ ती अपमान म्हणूनच, गंमत म्हणून नाही. पावती मागण्यात हास्यास्पद असं काही नव्हतं. शंभर घरांचे शर्ट एकत्र धुणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो. सात नगांचं वाचन चिनी जाणणाऱ्यांकडून करून घ्यायचं आहे. तोवर 'न वाचलेलं' असंच लिहावं, चित्र उलटं लागू नये म्हणून वरची बाजू बाणानं दाखवावी.

गहाणाच्या पावतीवर नाव आणि पत्ता असतो. व्यक्तींची नावं सूचीत येऊ द्यायची नाहीत. प्रकाशित चित्रात तो भाग झाकला.

10 जुलै

खानावळीचं मील तिकीट: 5 डॉलर भरून 5.50 डॉलरचं जेवण, हा नेहमीचा करार. कार्डाच्या कडेनं 5, 10, 15, 25 असे सेंटचे आकडे छापलेले. जेवणाच्या किमतीएवढ्या आकड्यांवर मालक भोकं पाडतो. तपासणीची रीत सोपी: कडेच्या सगळ्या आकड्यांची बेरीज जेवणाच्या एकूण किमतीएवढी, म्हणजे 5.50 यायला हवी. एका नगाची 5.35 आली, कोपऱ्यातला 15 चा तुकडा तुटलेला निघाला. आठवड्याची मजुरी मिळाली की आधी हे काढून ठेवायचं, म्हणजे पैसे संपले तरी जेवण चालू. ज्याच्या जिवावर आपलं पोट चालतं त्या माणसालाही म्हणून 'मील तिकीट' म्हणू लागले.

शाळेतलं जेवणाचं तिकीट वेगळं ठेवलं. 1946 च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्यात पैसे भरू न शकणाऱ्या मुलाला वेगळं बसवायला किंवा त्याच्याशी भेद करायला मनाई आहे. फुकट जेवणाऱ्याचं तिकीट वेगळ्या रंगाचं असलं की नेमकं तेच होतं. रंग नोंदवताना हे ध्यानात ठेवावं.

15 जुलै

पोलिसांचं तिकीट. मराठीत आपण 'पावती फाडली' म्हणतो, तिकडे 'तिकीट लिहिलं' म्हणतात. सूचीत 'दंडाची पावती' असं लिहून कंसाशिवाय 'तिकीट' हा शब्द पुढच्याच वाक्यात आणायचा असं ठरलं. पार्किंग मीटर पहिल्यांदा 16 जुलै 1935 ला ओक्लाहोमा सिटीत लागलं, तासाला पाच सेंट. युद्धानंतर गाड्या वाढल्या तशा या पावत्याही.

यातला मोठा रोग म्हणजे ओळखीनं तिकीट रद्द करून घेणं. त्याला 'फिक्स' करणं म्हणत. त्यावर उपाय कागदाच्या रचनेतच केला: चार प्रती, चारही एकाच क्रमांकाच्या. तक्रार न्यायालयात, एक प्रत पोलिसांकडे, एक न्यायालयाच्या निकालाची नोंद, एक समन्स म्हणून चालकाच्या हातात. पुस्तिकेतला प्रत्येक क्रमांक कुठं गेला ते सांगावं लागे, त्यामुळे एक प्रत गायब केली तरी बाकीच्या बोलतात.

प्रतींमधला कार्बन अजून जिवंत आहे. विमानाच्या तिकिटांच्या मागचा लाल कार्बन तर त्याहून वाईट: बोट लागलं की डाग, डाग दुसऱ्या तिकिटावर. प्रत्येक पानामध्ये पॉलिएस्टर घालून, वर वजन न ठेवता साठवलं.

21 जुलै

निवडणूक. इथे मराठी वाचकाचा गैरसमज नक्की होणार, म्हणून नोंद लांब.

आपल्याकडे पक्ष एकाला तिकीट देतो, दुसऱ्याचं कापतो. म्हणजे तिकीट माणसाचं. अमेरिकेत तिकीट ही पक्षाच्या उमेदवारांची यादी. अध्यक्षपदासाठी आयझेनहॉवर आणि उपाध्यक्षपदासाठी निक्सन हे दोघं मिळून 1952 चं रिपब्लिकन तिकीट. एकट्या निक्सनला 'तिकीट मिळालं' असं तिकडे म्हणत नाहीत.

शब्दाचं मूळ कागदात आहे. एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे. प्रत्येक पक्ष आपल्या सगळ्या उमेदवारांची चिठ्ठी छापून वाटे आणि मतदार ती पेटीत टाकी. दुसऱ्या पक्षाचा एखादा माणूस हवा असेल तर नाव खोडावं लागे किंवा वर दुसऱ्या नावाची चिकटपट्टी लावावी लागे. 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्सनं सरकारी छपाईची गुप्त मतपत्रिका राज्यभर आणली आणि बाकीची राज्यं मागोमाग आली. पण शब्द राहिला. विसाव्या शतकाच्या मध्याला अनेक राज्यांत मतपत्रिकेच्या डोक्यावर पक्षाचं वर्तुळ असे, मतयंत्रावर पक्षाचा एकच दांडा. तो ओढला की 'स्ट्रेट तिकीट'. वेगवेगळ्या पक्षांची माणसं निवडली की 'स्प्लिट तिकीट'. 1956 मध्ये आयझेनहॉवर मोठ्या फरकानं निवडून आले आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे राहिली, ते अशा फोडलेल्या तिकिटांमुळे. 1948 मध्ये अलाबामात तर मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक तिकीट म्हणून बंडखोर उमेदवार थर्मंडना पाठिंबा देणारे होते. अध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांचं नाव तिथं नव्हतंच.

29 जुलै

अर्धुकं जपून का राहिली याची दोन उदाहरणं.

बेसबॉलचं 'रेन चेक'. सामना अधिकृत होण्याआधी पावसानं बुडाला तर हे अर्धुक दाखवून दुसऱ्या दिवशी आत जाता येई. पाच डाव पूर्ण झाले, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार झाले, की त्याची किंमत संपे. तोवर प्रत्येकजण ते खिशात नीट सांभाळी, आणि नंतरही ते खिशातच राही.

डिस्नेलँडचं उलट. जुलै 1955 ला उद्यान उघडलं. त्याच ऑक्टोबरपासून ए, बी, सी कुपनांची पुस्तिका, 1956 ला डी, 1959 ला मॅटरहॉर्न, पाणबुडी आणि मोनोरेलबरोबर ई. ए सर्वांत साध्या खेळांचं, ई सर्वांत मोठ्या खेळांचं. लोक ई आधी संपवत आणि ए-बी घरी नेत. आमच्याकडे ए 14, बी 11, सी 5, डी 2, ई एकही नाही. कुठल्याही मिश्र गठ्ठ्यात उतार असाच मिळेल. ए जास्त छापली असं त्यावरून समजू नये. पुस्तिका 1982 पर्यंत चालल्या. पुढच्याच वर्षी अंतराळवीर सॅली राइड यांनी अवकाशातून आपल्या उड्डाणाला ई तिकीट म्हटलं आणि ते तिकडे सगळ्यांना कळलं.

4 ऑगस्ट

सोडतीची तिकिटं. दुहेरी रीळ, दोन्ही बाजूंना तोच क्रमांक, एका बाजूला 'कीप धिस कुपन'.

न्यू हॅम्पशायरची 1964 ची राज्य सोडत मात्र निराळी, म्हणून वेगळी नोंद. तिकीट तीन डॉलरचं. सोडतीची तिकिटं राज्याबाहेर नेणं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा. पण विकत घेणारे पुष्कळसे शेजारच्या राज्यांतले. तोड अशी काढली की नाव-पत्ता लिहिलेलं तिकीट यंत्रातच राहील आणि ग्राहकाला फक्त खरेदीची पोच मिळेल. बक्षीस तिकिटावर, पोचेवर नाही. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा पोचा राज्याबाहेर नेणंही त्या कायद्यात येऊ शकतं असा निर्णय दिला. गठ्ठ्यातल्या दोन पोचा आधी 'सोडतीचं तिकीट' म्हणून लागल्या होत्या. त्या 'पोच' केल्या. 'तिकीट' रकान्यात 'यंत्रात राहिलं' असं लिहिलं.

9 ऑगस्ट

युद्धकाळातल्या रेशनच्या स्टॅम्पांची सहा पानं सूचीबाहेर ठेवली. त्यांना तिकडे तिकीट म्हणत नसत. पण दुकानदारासमोरच फाडायची, सुटी आणलेली चालत नाही हा नियम रेल्वेच्या कुपनांसारखाच आहे, म्हणून 20 जूनच्या नोंदीकडे बोट दाखवणारा दुवा दिला.

वाक्प्रचारांची यादी वेगळ्या पानावर: 'दॅट्स द तिकीट' म्हणजे नेमकं हेच हवं होतं, 'आपलं तिकीट आपणच लिहिणं' म्हणजे आपल्या अटी आपण ठरवणं, 'बिग तिकीट' म्हणजे फ्रिज, सोफा, गाडी अशी मोठ्या किमतीची वस्तू. शेवटचा किमतीच्या चिठ्ठीवरून आला, प्रवासाच्या तिकिटावरून नाही.

उरलेली कामं: चिनी पावत्यांचं वाचन, पंचच्या आकारांच्या यादीत 22 पैकी 5 अजून संशयित, डबा 3 मधली आर्द्रता 58 वर गेली आहे, सिलिका जेल भाजून पुन्हा भरायचं.